माऊस वर पाठवला तेव्हा

अगं, शहागंजात माझ्या दत्तूमामांचं भरतकामाचं दुकान आहे ना, तिथं डिझाइनचा प्रोग्राम अजून तीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरच चालतो. परवा मामांनी त्याला नवा माऊस जोडला आणि पडद्यावर आलं, मेमरी कमी आहे! नवरीचा ब्लाउज तर संध्याकाळी द्यायचा होता. त्यांनी मला फुलंब्रीला फोन लावला.

"पोरी, चार एमबी मेमरी हाय की यात!"

"मामा, हा प्रोग्राम मेमरीच्या फक्त खालच्या सहाशे चाळीस केबीत चालतो. तिथली जागा माऊसनं अडवलीय. त्याला वर पाठवलं, की खाली मोकळं होईल."

"एवढंच व्हय? पाठवतो की!" म्हणून फोन ठेवला.

मी आपली बसनं निघाले. पोचले तर दुकानातलं टेबल रिकामं! पोटमाळ्यावरून घामाघूम मामा वाकले.

"एकट्या माऊसला वायर पुरंना, म्हणून सगळंच वर आणलं. तरी चालंना!"

मला हसून हसून शिडी चढवेना. कशीबशी वर गेले, माऊसचा ड्रायव्हर, म्हणजे माऊस चालवणारा छोटा प्रोग्राम, वरच्या मेमरीत टाकायची ओळ कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहिली, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. पडद्यावर ब्लाउजचा मोर उभा!

मामांनी मान हलवली. "आता समजलं. नुसतं वर जाऊन भागत नाय, लेखी द्यावं लागतं!"