अजून मागं सरक

लहान मुलांच्या दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन मी नंबराची वाट बघत होते. समोरच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. मधे त्यांची पाचेक वर्षांची मुलगी, गुडघ्याला पट्टी.

"गगनबावड्याला पोरीला कड्यावर कशाला उभं केलंसा?"

"अगं, दरीच्या फोटोत बारकं माणूस असलं की दरी किती खोल हाय ते कळतं. फोटोग्राफीच्या क्लासात सरांनी शिकवलंय."

"सरांनी स्वतःची पोरगी उभी केलती का?"

"माझं लक्ष हुतं की."

"कॅमेऱ्यात हुतं. 'अजून मागं सरक' म्हणत हुतासा. मागं काय हाय ते तिला दिसतंय व्हय?"

"पडली ती अलीकडंच की, दगडावर."

"म्हंजे पलीकडं पडाय पायजे हुती?"

"तसं न्हाय गं. पण फोटो बघ तरी. सरांनी ग्रुपवर टाकलाय."

"बरं. रविवारी परत जाऊ. कॅमेरा माझ्याकडं द्यायचा आन् त्याच जागी तुम्ही उभं ऱ्हायचं."

"मी? नको बाई. कड्यावर गेलं की मला चक्कर येती, तुला ठाऊक हाय की."

बायकोनं मधल्या मुलीला उचललं आणि आपल्या पलीकडं, भिंतीच्या बाजूला बसवलं.