भिंतीवरून आलेली भाकर

माझं माहेर राणीसावरगाव, गंगाखेडाकडलं, आन देलं मला हिकडं जिंतूरच्या अंगाला, तवा लेकीला कोण इचारायलतं. मालक लवकर गेले, एकच लेक पदरात, दत्ता. तवापासून मी हितल्या शाळंत खिचडी शिजवते. समदं गाव मला खिचडीवाली म्हणतंय, सरपंच सुदीक. नाव हाय मला, रुक्मिण, पण ते रेशनकार्डावरच राह्यलं.

तुमी इचारायलेत त्या बिमारीत देशानं नीट केलं का न्हाई. काय सांगू तुम्हाला, पारावर बसून लय जण सांगतेत. एक म्हणतो आपल्यासारखं कोणीच केलं न्हाई, दुसरा म्हणतो मानसं किड्यामुंग्यावानी मेली, आन दोघंबी तंबाखू एकाच डबीतली खातेत. म्या देश कुठं पाह्यलाय. म्या शाळा पाह्यली, आन माझ्या घराची भित पाह्यली, तेवढंच सांगते.

तवा गावानं रस्त्यावर बाभळीचे काटे टाकलते. पुण्या-मुंबईहून जे येईल त्याला गावात घ्यायचं न्हाई, शाळंत ठिवायचं, असा कायदा केला. माझा दत्ता पुण्यात टेम्पो चालवायचा, सून बी तितंच, नात सोनी तेवढी माझ्यापाशी, अंगणवाडीत जायची. काम बंद पडलं तसे दोघं निघाले, काही टरकात बसून काही पायी, आन गावच्या शिवंत आले तर समोर काटे. काटे टाकणारे कोण, तर दत्त्याच्याच बरोबरीचे, त्याच्यासंग इटीदांडू खेळलेले. दत्ता सुनंला घेऊन सरळ शाळंत गेला.

आन त्या शाळंतल्या मानसायला खिचडी कोण घालणार, तर मी. पातेलं व्हरांड्यात ठिवायचं आन मागं सरकायचं, मग ते येऊन वाढून घ्यायचे. पोटच्या लेकाला म्या लांबून पाह्यलं बघा. एक दिवस म्हणला, आये, मीठ टाकलंच न्हाईस. म्या दुसऱ्या दिवशी जास्तीचं टाकलं, तरी म्हणतो मीठ न्हाई, आन बाकीचे वरडायले की खारट झालं म्हून. मला राग आला, म्हणलं पुण्याला जाऊन लय नखरे आले तुला. त्याची जीभच गेलती, चव कळंना झालती, पण आमाला तवा काय ठावं. मास्तरला न्हाई, सरपंचाला न्हाई, ती ताप मोजायची बंदूक घेऊन येणाऱ्या बाईला बी न्हाई.

मग दम लागायला. जिंतूरहून गाडी आली, परभणीला नेलं त्याला, मी फाटकापाशी हुभी, त्यानं हात केला का उजेडाला डोळ्यावर धरला ते मला अजून कळलं न्हाई. सुनंला सोबत जाऊ देलं न्हाई, तिला शाळंतच एका खोलीत कोंडली. परभणीहून फोन आला तो सरपंचाला आला. तितंच समदं उरकलं त्यायनी, आमाला तोंड बी दावलं न्हाई. त्यायला बी काय बोलावं, त्यायचा बी जीवच व्हता.

आता हे आत्ताचं ऐका. सोनी सहावीत गेली, बोलायला लय चंट. यंदा शाळंत वादविवादाची स्पर्धा घेतली, इषय काय, तर देशानं महामारी नीट हाताळली का. चिठ्ठ्या टाकल्या, आन सोनीला आली बाजूनं. मी हातातली पळी टाकून मास्तरकडं गेले, म्हणलं मास्तर, बाकी कोणी बी बोला, पण जिचा बाप ह्याच शाळंतून गेला तिच्या तोंडून कामून वदवून घेता. मास्तर बिचारा गोरामोरा झाला, म्हणला बदलून देतो. पण पोरगीच ऐकंना. पह्यला नंबर आला की परभणीला न्यायलेत, आन परभणी तिनं अजून पाह्यली न्हाई. मला म्हणती, आजी, चांगलं काय काय झालं ते सांग. म्या म्हणलं, रेशन फुकट मिळालं, सुई फुकट टोचली, सरलं.

स्पर्धेदिवशी समदं गाव बलावलं. इरुद्ध बाजूनं दुकानदाराची पोरगी बोलली, जिच्या घरात साधं शिंकलं बी न्हाई कोणी. पायी चालणारी मानसं सांगितली तिनं, हवेची नळकांडी सांगितली, पेपरातलं समदं पाठ. मी मनात म्हणलं, बोल माय, माझं तूच बोलायलीस. मग सोनी हुभी राह्यली. रेशन झालं, सुई झाली, आन मग ती पुस्तकी भाषेत म्हणाली, माझे वडील गेले त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही, परंतु आमच्या शेजारच्या शांताआजींनी जिवाची पर्वा न करता भिंतीवरून आम्हाला भाकरी दिली, ज्या देशात अशी माणसे आहेत तो देश हरला असे कसे म्हणता येईल. टाळ्या वाजल्या बघा. बाया डोळ्याला पदर लावायल्या. शांताबाई, माझी चुलत जाऊ, माझ्या फुडंच बसलती. तिनं मान खाली घातली ती वर केलीच न्हाई.

आमच्यात मयत झाल्यावर घरची चूल पेटवीत न्हाईत, भावकीनं भाकर-पिठलं आणून द्यायचं, दोन घास बळंच चारायचे. कडू भाकर म्हणतेत तिला. दुश्मनाच्या घरी सुदीक नेतेत. दत्ता गेला त्या दिवशी मी वाट पाह्यली. समद्या शाळंला मी जेवू घालायलते, मला वाटलं, एक तरी येईल. दुपार झाली, ऊन उतरलं, सोनी भुकेनं रडायली आन भितीपलीकडं शांताबाईच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज यायलता. मी वाळली भाकर तरी दे म्हणून हाक मारली असती, पण जीभ उचलंना. मग मागं परसात गेले, तीन दगडं मांडली, घरातली चूल तशीच थंड ठिवून दगडावर भाकर केली. म्या माझ्याच लेकाची कडू भाकर माझ्या हातानं केली, अशी एखादी माय दावा मला. सोनी इचारायली, भाकर कोणी देली, आपल्याकडं कोणीच कामून येईना. म्या म्हणलं, शांताआजीनं देली, भितीवरून. लेकराला ह्याच गावात वाढायचं व्हतं, ह्याच मानसायच्या लेकराबाळात खेळायचं व्हतं, मी काय सांगणार तिला. सुनंला बी म्या खरं सांगितलं न्हाई.

सोनीचा पह्यला नंबर आला. दिवस मावळायला शांताबाई माझ्या दारात आली, इतक्या वर्षात पह्यल्यांदा न बोलावता आली, उंबऱ्यापाशी बसली. मग म्हणली,

रुक्मिणबाई, मला लय भ्याव वाटलं व्हतं गं.

म्या म्हणलं, मला बी वाटलं व्हतं. दुसरं काय म्हणणार. मला राग न्हाई असं न्हाई, राग हाय, तो मी मरस्तोवर जायचा न्हाई, पण तिच्या तोंडाकडं पाह्यलं तर ती बी आता थकलीय. म्या च्या टाकला.

तेवढ्यात सोनी पळत आली, परभणीच्या भाषणात आणखी भर घाला म्हणले म्हणे मास्तर. शांताआजी बी हितंच हाय म्हून लय खूश. आम्हा दोघीला इचारायली, त्या दिवशी भाकरीसंग काय दिलतं. शांताबाईनं माझ्याकडं पाह्यलं. हातातली बशी खाली ठिवली.

पिठलं, म्या म्हणलं. पिठलं व्हतं बाई, तुला खाता यावं म्हून शांताआजीनं तिखट कमी टाकलतं.

पोरीनं तसंच पाठ केलंय. येत्या सोमवारी परभणीला जायलीय. देव तिला यश देवो.