चाकं बसली तर

(राहुरी. खंडेनवमीची सकाळ. टेबलावर बिनचाकांचं लाकडी मॉडेल विमान आणि त्याचं चित्र असलेलं खोकं, शेजारी पाटावर मांडलेली हत्यारं. शामकांत खुर्चीत. जावई अंगद दारात.)

शामकांत : चपला घालून आत यायचं तुमच्याकडे चालत असेल. इथे नाही.

अंगद : आत यायचंच न्हाई मला. तुमी भायेर या. बॅग भरा, गाडी चालू ठिवलीय.

शामकांत : बंद करा ती. मी मिरजगावला येणार नाही, हे निवेदिताला फोनवर स्पष्ट सांगितलंय.

अंगद : तुमच्या पोरीनं ऐकलं असतं तर मी आलो असतो का? सणाचं दुकान बापाच्या गळ्यात टाकून आलोय.

शामकांत : उपकार झाले.

अंगद : उपकार न्हाई. मला काय हौस हाय का तुमाला न्यायची? माझी आई मोठ्यानं बोलती, मी भुरके मारून जेवतो, तुमाला समदंच खुपणार. पर उकळतं दूध पायावर घेतलं तुमी. झुंबरबाईनं फोन केला म्हनून कळलं तरी.

शामकांत : झुंबरबाईंना पोळ्या लाटायला ठेवलंय, बातम्या द्यायला नाही. पातेलं निसटलं. कुणाच्याही हातून निसटतं.

अंगद : हात दावा.

शामकांत : काय?

अंगद : हात फुडं करा. सरळ धरा.

शामकांत : मी काय तुमच्या दुकानातलं बियाणं आहे, तळहातावर घेऊन पारखायला? हे हात मुळा धरणाच्या कालव्यांचे नकाशे काढत होते, तेव्हा तुम्हाला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती.

अंगद : व्हय. आन आता तुमाला शर्टाची बटनं लावता येईनात. वरचं खालच्या काजात गेलंय.

शामकांत : राहू द्या ते तसंच.

अंगद : मी कुठं हात लावतोय.

शामकांत : हे बघा अंगदराव. उद्या दसरा. उद्या सकाळी हे विमान माळावर उडणार. पंख झाले, मोटर झाली, रेडिओ झाला. फक्त लँडिंग गिअर राहिलंय.

अंगद : म्हंजी चाकं.

शामकांत : चाकं, आणि ती धरणारी तार. पोटाच्या खाचेत बसवायची, वरून पट्ट्या, चार स्क्रू.

अंगद : मग बसवा की. चाकं बसवता येत्यात, तर कशाला कोन न्हेतंय तुमाला?

शामकांत : आज हत्यारं पूजेत आहेत. आज उचलायची नसतात.

अंगद : हे तुमी सांगता? आमचं लग्न ठरलं तवा काय म्हनला हुता? इळ्या-कोयत्याला हळदकुंकू वाहनाऱ्यांच्या घरात मी मुलगी देणार नाही.

शामकांत : म्हटलं असेल.

अंगद : असंल न्हाई. म्हनला हुता. आन आज डिसमिस पुजताय. पर त्ये कुंकू तर बघा. पाटावर, टेबलावर, फरशीवर. डिसमिस सोडून समद्याला लागलंय. हत्यारं पुजली न्हाईत तुमी, लपावलीत. कुनी बसवा म्हनलं तर आज न्हाई म्हनायला.

शामकांत : ही पूजा निवेदिताची आई, दमयंती करायची. ती गेल्यावर मी चालू ठेवली. तुमचा काय संबंध?

अंगद : काई न्हाई. चला.

शामकांत : थांबा. आत्ता बसवतो, तुमच्यासमोर. मदत नको, सूचना नको. चाकं बसली तर आल्या पावली परत जायचं, आणि मला न्यायची भाषा पुन्हा करायची नाही. नाही बसली तर येतो.

अंगद : कबूल. पूजेतलं उचलताय, पाया तरी पडा.

शामकांत : सूचना नको म्हटलं ना.

अंगद : बरं. तुमच्या वाटचं मी पडतो.

शामकांत : उजेडात उभे राहू नका.

अंगद : सरकलो.

शामकांत : आणि असं टक लावून बघू नका.

अंगद : बघायलाच थांबलोय.

शामकांत : स्क्रू पडला. कुठे गेला?

अंगद : मदत न्हाई, ठरलंय.

शामकांत : मदत कोण मागतंय? विचारलं.

अंगद : खुर्चीच्या पायाशी हाय. वाका.

शामकांत : सापडला.

अंगद : आमच्या लग्नादिवशीबी हेच चाललं हुतं न्हवं? अक्षता पडंस्तोर दाराकडं बघत हुती ती. आन बाप माळावर इमान उडवतोय.

शामकांत : उडवत नव्हतो. पाडलं मी ते.

अंगद : मुद्दाम?

शामकांत : उतरवताना. डोळ्यांना धड दिसत नव्हतं. आता तोंड बंद ठेवा, माझा हात... माझं लक्ष जातं.

अंगद : ठिवलं.

शामकांत : हा शेवटचा. झाला. चपलांसकट या, हलवून बघा. बघा ना.

अंगद : घट्ट हाय.

शामकांत : मग?

अंगद : मग काय. बसली. निगतो मी.

शामकांत : निघा. निवेदिताला सांगा, बापाचे हात अजून शाबूत आहेत. आता का थांबलात? खोक्यात काय आहे?

अंगद : काई न्हाई. वरचं चित्र बघतोय.

शामकांत : अंगदराव.

अंगद : चित्रात चाकाचं पाय नाकावरच्या पंख्याकडं झुकल्यात. तुमचं शेपटाकडं झुकल्यात.

शामकांत : तसंच असतं.

अंगद : आसंल.

शामकांत : द्या ते खोकं इकडे.

अंगद : घ्या.

शामकांत : तार उलटी बसली. जमिनीला टेकल्याबरोबर नाकावर जाईल. पंखा मोडेल. तुम्हाला कधी दिसलं हे?

अंगद : पैला स्क्रू लावला तवाच.

शामकांत : आणि गप्प बसलात? पैज जिंकला असतात.

अंगद : सूचना नको, ठरलं हुतं.

शामकांत : खरं सांगा.

अंगद : खरं सांगू? माझ्या घरात नको हाय तुमी मला. इथंच ऱ्हावा, सुटलो, म्हनून गप बसलो. मग वाटलं, उंद्या माळावर एकलं हुबं ऱ्हानार हा मानूस, आन त्ये फुड्यात नाकावर आपटनार. ती मलाच म्हनंल, तुमी तिथं हुता ना. म्हनून थांबलो.

शामकांत : काढून पुन्हा बसवायला हवं.

अंगद : बसवा.

शामकांत : नाही जमणार. एकदा जमतं. मग बराच वेळ बोटांत काही धरवत नाही.

अंगद : मग पैजंचं काय?

शामकांत : हरलो. कळतंय ना? तोंडानं वदवून घ्यायचंय का?

अंगद : न्हाई.

शामकांत : मिरजगावला मोकळा माळ आहे का?

अंगद : हाय. शेळ्या असत्यात तिथं.

शामकांत : उद्या सकाळी हाकलाव्या लागतील.

अंगद : शेळ्या आईच्या हायत. तिला तुमीच सांगा, मी न्हाई सांगनार.

शामकांत : सांगेन. गाडी बंद करून या. चपला दाराबाहेर काढा.

अंगद : काढतो. डिसमिस कुठाय?

शामकांत : पाटावर ठेवलाय परत. तार मी धरतो, स्क्रू तुम्ही आवळा. माझा हात हलेल, तुमचा हलू देऊ नका.