मानपत्र आणि त्याचं उत्तर

विचारलंत म्हणून सांगतो, आजवर मला सगळ्यात जड गेलं ते एक मानपत्र.

मास्तरकी सोडून लेखणीवर जगायचं ठरवलं, तेव्हा आमचे हेडमास्तर म्हणाले होते, "लिहून कोणाची चूल पेटल्ये?" पुढे मी मंगलाष्टकं लिहिली, दंतमंजनाच्या जाहिराती लिहिल्या, गावातल्या बायकांना त्यांच्या मुंबईतल्या नवऱ्यांसाठी पत्रं लिहून दिली. चूल पेटली, फक्त धूर फार व्हायचा.

मग हेडमास्तर निवृत्त व्हायची वेळ आली आणि शाळेने त्यांचं मानपत्र मलाच लिहायला सांगितलं. राग गिळून मी त्यांना ज्ञानसूर्य वगैरे केलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच भाट्याहून होडीने खाडी ओलांडून दारात हजर.

"मानपत्र तू लिहितोयस असं कळलं. त्याला उत्तर द्यावं लागतं. जन्मभर मुलांच्या चुका काढल्या, आता स्वतःचे चार शब्द जुळत नाहीत. तूच लिही, पण कोणाकडे बोलू नको."

म्हणजे स्तुती माझी आणि विनयही माझाच. दिलं लिहून.

समारंभात त्यांनी ते खणखणीत वाचलं. टाळ्या झाल्या. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मानपत्र त्यानेच लिहिलंन, उत्तरही त्यानेच. लिहून चूल पेटत नाही, हे मात्र मी म्हटलेलं. ते चुकलं. एवढं एक वाक्य माझं. बरं जमलं का रे?"

सगळी शाळा माझ्याकडे वळून बघत होती, आणि माझे चार शब्द काही जुळेनात.