मार्ग क्रमांक पाच : सोपा, सहकुटुंब

...आणि वर मलाच विचारते, "लेखक कोण?" सकाळी साडेसातला! मी कॉफी ओततोय, हातात किटली, आणि समोर ही डच बाई आमच्या हॉटेलची फाईल छातीशी धरून उभी. अडुसष्ट वर्षांची, ताडमाड उंच, नाव फ्राउकेबाई. इटालियन शिकलेली रात्रशाळेत, सहा वर्षं. त्यामुळे बोलणं असं, की आमचे पाद्रीबाबासुद्धा उठून उभे राहतील. "महाशय, या फाईलमधील सायकलमार्गांचे लेखक कोण?" आता मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय! मी छाती काढून म्हटलं, "मीच की! कोस्तान्सो. हॉटेलचा मालक." झालं. तिथेच संपलो मी.

मी भित्रा नाही हं, तुम्हाला सांगतो. आल्प्समध्ये जन्मलो, अठ्ठावन्न वर्षं हे डोंगर बघतोय... पण बघणं वेगळं ना! बघायला काय लागतं? खुर्ची लागते.

त्याचं काय झालं, दोन वर्षांपूर्वी दारावर ‘सायकलवाल्यांचे स्वागत’ अशी पाटी लावायची टूम निघाली. पाटी हवी तर पर्यटन कचेरी म्हणे, आठ मार्ग कार्डांवर लिहून द्या. मग काय, जानेवारीत शेगडीपाशी बसलो, पुढ्यात वाईन, आणि आठच्या आठ एका दुपारी लिहून काढले. बायको, देल्फिना, मागून म्हणाली, "तू कधी सायकलवर बसलायस?" म्हटलं, "अगं, रस्ता तो रस्ता. जीपचा काय नि सायकलचा काय!" पाच नंबरचा रस्ता म्हणजे मेलेत्से घाट. पलीकडच्या बाजूला मी शेवटचा गेलो होतो अकरा वर्षांचा असताना, बाबांबरोबर, मेंढ्या घेऊन. ते आठवून लिहिलं, ‘थोडासा चढ, मग उतारच उतार. बाहेरच्या बाजूला दगडी कठडा आहे, तेव्हा निर्धास्त जावे. लहान मुलांसह जाता येते.’ सुंदर लिहिलं होतं हो!

तर बाई म्हणते, "मी सपाट देशातून आलेली आहे. चढ चढेन, परंतु उतार मी आयुष्यात केवळ पुलावरचा पाहिलेला आहे. मार्ग क्रमांक पाच मी लेखकासमवेतच करू इच्छिते." मी देल्फिनाकडे बघतोय, की ही आता म्हणेल, याची कंबर दुखते, याला ताप आहे, काहीतरी! आणि देल्फिना काय म्हणते? "जाईल की! त्याला फार आवडतं." ...आवडतं! आणि मागल्या दाराशी नेऊन हळूच मला, "तू आणि सायकल? जिना उतरताना कठडा धरतोस मेल्या!"

न्हाव्याची सायकल आणली. सीट म्हणजे काय सांगू, सुरीच्या धारेवर बसवलंय म्हणा. हेल्मेट डोक्यावर बसेना, नुसतं ठेवल्यासारखं, केकवर चेरी. वजन माझं चौऱ्याण्णव किलो. निघालो.

चढ आठ किलोमीटर. ‘थोडासा चढ’! अहो, तिसऱ्या वळणालाच माझं काळीज गळ्याशी आलं. पण सांगणार कसं, लेखक ना मी! मग दर तीनशे मीटरला उतरायचो आणि बोट दाखवायचो, "हे बघा फूल." "नाव काय याचं?" तोंडाला येईल ते नाव ठोकायचं आणि श्वास घ्यायचा. बाई प्रत्येक फूल वहीत उतरवते. सहाव्या फुलाला म्हणाली, "लेखकमहाशय, हेच फूल आपण मघाशी दुसऱ्या नावाने सांगितलेत." म्हटलं, "मघाशी नर होता."

वर पोचलो आणि... पलीकडे बघितलं. मी भित्रा नाही हं. पण त्या बाजूला डोंगर नव्हताच! होतं ते नुसतं आभाळ, आणि आभाळाच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकल्यासारखा एक चिंचोळा रस्ता, गोल गोल खाली जाणारा. रस्ताभर खडी. बाईचा चेहरा पांढराफटक. तिने कार्ड काढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि मोठ्यांदा वाचलं, "निर्धास्त जावे." आणि माझ्याकडे बघितलं. लहान मूल बघतं ना डॉक्टरकडे, तसं. अहो, तेव्हाच सांगायला हवं होतं! परत फिरू या बाई, मी खोटं लिहिलंय! ओठांवर आलं होतं... आणि तोंडातून काय गेलं? "चला माझ्या मागे."

दोन्ही ब्रेक दाबून दाबून बोटं वाकडी झाली, रबर जळल्याचा वास यायला लागला. पहिल्या वळणाला मी डोळे मिटले. मग लक्षात आलं, की ह्या कामात डोळे उघडे लागतात! मग बोगदा. दिवा नाही, वरून पाण्याची धार मानेवर, आत अमावास्या. मी भीतीने मोठमोठ्यांदा मरियेची प्रार्थना म्हणायला लागलो. बाईला वाटलं, इथली रीतच असेल, तीही मागून सुरात! दोघं किंचाळत बाहेर पडलो आणि समोरून लाकडांनी भरलेला ट्रक. ड्रायव्हर काच खाली करून ओरडतो, "अरे कोस्तान्सो, तू? देल्फिनाने घराबाहेर काढलं की काय?" अरे बाबा, पुढे जा तू! मला हात हलवायचा नाहीये, माझा हात म्हणजे ब्रेक आहे सध्या!

बोगद्यानंतरचं तिसरं वळण. मी डोंगराच्या भिंतीला चिकटून, खांदा घासत चाललोय. पाठीमागून बाईचा आवाज, "मी बाहेरच्या बाजूने येते! तिकडे कठडा आहे ना!"

आणि मी पाहिलं. कठडा नव्हता हो. माझ्या लहानपणी होता, त्यावर बसून बाबांनी मला पाव आणि चीज दिलं होतं... पण कधीतरी पावसाच्या माऱ्यात सगळा दरीत गेलेला. एक दगड उरलेला, म्हाताऱ्याच्या दातासारखा. मी ओरडलो, "आत या! बाई, आत या!" मागे नुसतं खर्रर्र झालं. आणि मग... काही नाही. आवाजच नाही.

तुम्हाला सांगतो, ते ‘काही नाही’ मला अजून ऐकू येतं.

वळून पाहतो तो रस्ता रिकामा. सायकल टाकली. चालत कडेपर्यंत जायची छाती झाली नाही, खोटं कशाला बोलू? गुडघ्यांवर गेलो, मग पोटावर. डोकं बाहेर काढलं. दोन मीटर खाली, स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढी एक कपार. तिच्यावर एक झुडूप, झुडपात बाई, बाईवर सायकल. आणि त्याखाली, दोऱ्यासारखी दिसणारी नदी. बाईने वर पाहिलं. आवाज अगदी बारीक. "लेखकमहाशय... कठडा दृष्टीस पडत नाही."

फोन काढला, रेंज नाही. हाका मारल्या, डोंगराने माझ्याच हाका मला परत केल्या. शेवटी त्या उरलेल्या दगडाला दोन्ही पाय अडकवले, पालथा पडलो आणि हात खाली सोडला. "धरा!"

"प्रथम सायकल."

"मरू दे हो ती सायकल!"

"ती माझ्या अंगावर आहे. ती गेल्याखेरीज मला उठता येत नाही."

ओढली सायकल. कशी ओढली, देव जाणे. मग पुन्हा हात सोडला, तिने मनगट पकडलं, झुडपावर पाय दिला आणि झुडूप मोडलं. कड्... एवढाच आवाज. पूर्ण बाई माझ्या एका हाताला! पोटाखालची खडी सरकायला लागली, मी बरोबर सरकायला लागलो, पायात तो दगड हलला. मी रडत होतो, लाज नाही वाटत सांगायला. तीही रडत होती. मग कसा कुणास ठाऊक, तिचा गुडघा कडेला लागला, मी तिचं जाकीट दातात धरून... हो, दातात! दुसरा हात खडीत रोवलेला, तो मोकळा कुठे होता? वर आली.

दोघं भिंतीला टेकून बसलो. आणि मी सांगून टाकलं सगळं. शेगडी, वाईन, मेंढ्या, अकरा वर्षांचा मी. "बाई, मी या रस्त्याने सायकलवर कधीच आलो नव्हतो. कुठल्याच रस्त्याने नाही."

मग ती डच भाषेत बोलली. दहा मिनिटं. मला डच येत नाही, पण एकूण एक शब्द कळला मला. शेवटी थांबली, नाक पुसलं आणि आमच्या भाषेत, हळू म्हणाली, "पुढच्या आठवड्यात माझी मुलगी येणार आहे. तिच्यासोबत दोन मुले. सहा वर्षांचा एक, आठ वर्षांची एक. आपण लिहिले होते, लहान मुलांसह जाता येते."

बोला ना, तुम्ही असतात तर काय बोलला असतात?

तिने खिशातून पेन्सिल काढली, माझ्या हातात दिली. "लिहा." सायकली हातात धरून आम्ही नऊ किलोमीटर चालत उतरलो. प्रत्येक वळणाला थांबायचं, प्रत्येक वळण लिहायचं. ‘खडी. उतरून चाला.’ ‘बोगदा, दिवा हवाच.’ ‘कठडा नाही.’ ‘इथेही नाही.’ ‘इथे भीतीने माझी मान आखडली, तुमचीही आखडेल.’ कार्ड भरलं, मग तिच्या फुलांच्या वहीत लिहिलं. डोंगराला वळसा घालून घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. देल्फिनाने बाईचे खरचटलेले हात बघितले, पोटावर फाटलेला माझा शर्ट बघितला, वही वाचली आणि फाईलमधली उरलेली सातही कार्डं शेगडीत घातली. मग माझ्यापुढे सूप ठेवलं आणि म्हणाली, "उद्या एक नंबरपासून सुरुवात कर." सात मार्ग, सात आठवडे. अर्धे चालत, अर्धे रडत. पण लिहिलं ते खरं लिहिलं.

वाटलं, आता सुटलो. असलं वाचून कोण मरायला येतंय? तर बाईने ते पाच नंबरचं कार्ड तिच्या सायकल क्लबात नेऊन वाचलं. अहो, लोंढा! डच काय, बेल्जियन काय, जर्मन काय, ‘मान आखडवणारा’ रस्ता पाहिजे म्हणून खोल्या सप्टेंबरपर्यंत भरलेल्या. आणि प्रत्येकाची एकच अट, लेखक बरोबर हवा.

तेव्हा दर गुरुवारी सकाळी निघतो. मी भित्रा नाही हं... आहे. आहे हो! आणि तरी पुढेच राहतो. मागे राहिलं की बारा जणांच्या किंकाळ्या ऐकाव्या लागतात. पुढे असलं की निदान फक्त स्वतःची ऐकू येते.