हिरव्यांच्या पोटी पांढरी

अजूनही माझं डोकं ठिकाणावर नाही, सांगते. लव्हबर्ड्सच्या रंगांचं गणित मी स्वतःच्या अकलेनं शिकले, कोणाच्या बापाला विचारलं नाही. हा पक्षी मूळचा हिरवा. त्यातला निळा गेला की तो पिवळा होतो आणि पिवळा गेला की निळा. मग निळा नर आणि पिवळी मादी एकत्र ठेवली, तर दोन्ही रंग जाऊन पिल्लू पांढरंच निघणार! अकोल्याच्या विहिणीला, म्हणजे लेकीच्या सासूला, मी छातीठोक सांगितलं, "नाही निघालं तर माझं नाव बदला."

पिल्लांना पिसं फुटली आणि पाहते तर काय... सगळी हिरवीगार!

"पिवळ्यात निळा कालवला तर हिरवाच होते, ईनबाई," भेटीला आलेली विहीण खदखदून हसली. "रंगाऱ्याले तरी विचाराचं होतं!"

"न्या मग तुमीच!" रागाच्या भरात मी त्यातली एक जोडी तिला देऊन टाकली.

पुढच्या वर्षी तिचा फोन. "ईनबाई, त्या हिरव्यांले पांढरं पिल्लू झालं!"

मी उडालेच. आजा-आजीचे रंग त्या हिरव्यांच्या रक्तात लपून बसले होते आणि नातवंडात निघाले! पिंजरा घेऊन तडक अकोला गाठलं. पिल्लू पांढरंशुभ्र, डोळे लाल.

"ही माझ्या पिवळीची नात आहे," मी ठणकावलं. "मी घेऊन चालली."

विहिणीनं शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. "एकदा लेक दिली का, मग तिची पोरगी कोणाच्या घरची असते, ईनबाई?"

रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन मी अमरावतीच्या एसटीत बसले.