सुपरहीरोची आत्या

(रविवारची दुपार. टोंगामधलं फोआ बेट. चर्च झालं, जेवणं झाली, गाव आडवं व्हायच्या बेतात आहे. चटईवर एक फोन नारळाला टेकवून उभा केलेला. फोनमध्ये लुपे, क्वीन्सलँडच्या एका टोमॅटो शेडमागच्या कामगारांच्या खोलीत. अलीकडे तिची मुलं: मेलेआने, वय दहा, आणि फोलाऊ, वय सहा. मागे भिंतीला टेकून मुलांची आत्या तोआकासे विणलेल्या पंख्याने वारा घेत बसली आहे.)

लुपे: थांब, थांब. चादर दिली म्हणजे काय? कुणी मागितली आणि कुणी दिली?

मेलेआने: वादळ्याने दिली. चेटकिणीला. तिने मागितली म्हणून.

लुपे: अगं, ती गावाचं पाणी पिऊन टाकणारी बाई! तिला पकडायचं होतं ना? गेल्या रविवारी आपलं चांगलं ठरलं होतं. आपला सुपरहीरो वादळ्या तिला गरागरा फिरवणार आणि समुद्रात भिरकावणार.

मेलेआने: ते रविवारी ठरलं. सोमवारी चित्रं काढायला बसलो तेव्हा कळलं, ती त्याच्या आत्याची मुलगी आहे.

लुपे: कळलं? कुणाकडून?

मेलेआने: मीच ठरवलं. पण ठरवल्यावर मग कळलं.

फोलाऊ: मग त्याला काही करताच येईना! तिने पाठीवरची लाल चादर मागितली, दिली. पट्टा मागितला, दिला. मग वीज मागितली.

लुपे: वीजसुद्धा दिली?

फोलाऊ: दोन्ही हातांनी दिली.

तोआकासे: बरोबर केलं. आत्याच्या पोरीला नाही म्हणत नसतात. चांगल्या घरातला दिसतोय.

लुपे: अहो वन्सं, पण गावाच्या पाण्याचं काय?

तोआकासे: पाऊस पडेल तेव्हा येईल.

लुपे: हे असंच होतं दर वेळी. रविवारी मी एक सांगते, पुढच्या रविवारी भलतंच समोर येतं. आत्ता माझ्यासमोर काढायला बसला असतात ना, तर त्या चेटकिणीला मी नात्यात येऊच दिलं नसतं.

तोआकासे: आज रविवार.

लुपे: हो वन्सं. मी आपलं म्हटलं.

तोआकासे: चित्र काढणं म्हणजे काम. पेन्सिल म्हणजे हत्यार. बोला की किती बोलायचं ते. बोलणं हे काम धरलं असतं, तर आपल्या पाद्रीबाबांना रविवारी घरी बसवावं लागलं असतं.

लुपे: मला सुट्टी रविवारचीच असते, म्हणून.

तोआकासे: देवालाही तेवढीच मिळाली होती.

लुपे: हे कुठेत गं? दिसले नाहीत.

मेलेआने: बाबा चर्चमध्ये. गाण्याची तालीम आहे.

लुपे: ते काम नाही वाटतं?

तोआकासे: माझ्या भावासाठी नाही. ऐकणाऱ्यांना आहे.

फोलाऊ: आई, पण आम्ही नवीन केलाय! वादळ्या आता घरी बसलाय. त्याच्याकडे काहीच उरलं नाही, मग काय करणार? नवीन आहे ना, तिच्याकडून कुण्णी काही मागू शकत नाही.

लुपे: ती आहे का?

मेलेआने: मी विचार केला. असा सुपरहीरो पाहिजे की ज्याच्यावर कुणी नाही. मग तो मुलगा नको. मुलाला बहीण असते, बहीण आली की त्याला उठून जावं लागतं. मग ती बहीण पाहिजे. पण नुसती बहीण नाही, थोरली. आणि भावाला मुलं झालेली.

लुपे: म्हणजे आत्या.

मेलेआने: हो. मग प्रश्नच मिटला.

लुपे: शक्ती काय तिची? उडते?

फोलाऊ: छे! उडायचं कशाला? ती बसते!

लुपे: बसते?

फोलाऊ: बसते. ती बसली की बाकीच्यांना तिच्याहून खाली बसावं लागतं. ती जमिनीवरच बसते. मग व्हिलन खाली, खाली, खाली जातो आणि जमिनीतच जातो. नुसते केस वर राहतात.

लुपे: अरे वा. केसांचं काय करते मग?

फोलाऊ: त्याचा झाडू करते. दोन कामं होतात.

लुपे: दाखवा तरी. वर धर. अजून वर. फोलाऊ, उलटं धरलंयस, राजा. हां. थोडं मागे.

मेलेआने: दिसतंय?

लुपे: दिसतंय. कमरेला चटई गुंडाळली आहे का ही?

मेलेआने: मग! चारचौघांत लढायला जायचं आणि कमरेला चटई नाही? लोक काय म्हणतील?

लुपे: आणि हातात पंखा. अंबाडा. हनुवटी अशी वर... मेलेआने, ह्या तर वन्सं आहेत.

तोआकासे: मला कुणी विचारलं नव्हतं.

मेलेआने: विचारलं होतं, आत्या. तुम्ही 'शी' म्हणालात आणि मग तासभर हनुवटी वर करून बसलात.

तोआकासे: मानेला रग लागली होती.

लुपे: हात कुणाचे बघून काढलेस गं?

मेलेआने: आत्यांचे.

लुपे: आणि डोळे? डोळे तर मी सांगितले होते. झोपेतसुद्धा पोरं दिसतील असे.

मेलेआने: तसेच काढायचे होते. पण सोमवारी कुठले डोळे बघून काढू? तू रविवारीच असतेस.

फोलाऊ: आणि मधेच तुझे चौकोन चौकोन होतात.

लुपे: हो रे. इथे सिग्नल तसाच आहे. छान आलंय. खरंच छान आलंय. मेलेआने, एक विचारू? आई नाही का होऊ शकत सुपरहीरो?

मेलेआने: होऊ शकते.

लुपे: पण?

मेलेआने: पण आई, तू सगळ्यांचं ऐकतेस. बाबांचं, आत्यांचं, आत्यांच्या मुलींचं, तिथल्या साहेबांचं. सुपरहीरोचं लोकांनी ऐकायचं असतं.

लुपे: खरं आहे.

मेलेआने: मी वाईट म्हणून नाही म्हटलं.

लुपे: नाही गं, मला कळलं.

फोलाऊ: तू सुपरहीरोची वहिनी हो. ती शेवटच्या पानावर येते. जेवण घेऊन.

लुपे: शेवटचं पान कधी आहे?

फोलाऊ: दोन रविवार झाले की! त्याच्यानंतरच्या शनिवारी. मी धक्क्यावर येणार आहे, बाबांनी सांगितलंय. चित्र घेऊन येणार. पावसाळी पिशवीत घालून.

तोआकासे: लुपे.

लुपे: हो, वन्सं.

तोआकासे: गुरुवारी मला काय सांगितलंस?

लुपे: मला वाटलं, तुम्ही एव्हाना पोरांच्या कानावर घातलं असेल.

तोआकासे: दोघांची नावं मी ठेवली. ते आत्याचं काम. हे आईचं.

मेलेआने: काय सांगायचंय?

लुपे: काही नाही गं. म्हणजे आहे. इथले टोमॅटो आता संपत आलेत. शेवटचे लहान लहान येतायत, बोराएवढे. मग शेड बंद होणार. तर साहेब म्हणाले, दक्षिणेला नासपतीच्या बागा आहेत, तिथे माणसं कमी पडतायत. ज्यांचे हात चांगले चालतात अशा सात बायकांना त्यांनी विचारलंय. माझे चालतात म्हणे.

फोलाऊ: नासपती म्हणजे?

लुपे: फळ असतं. पेरूसारखं दिसतं, पण मान असते त्याला.

मेलेआने: कधीपर्यंत?

लुपे: ईस्टर.

मेलेआने: ह्या ईस्टरपर्यंत?

लुपे: पुढच्याच येणाऱ्या. एप्रिल.

मेलेआने: म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी...

लुपे: मोजू नकोस, बाळा.

फोलाऊ: शनिवारी यायचं आणि मग परत जायचं!

लुपे: तसं नाही ना येत, फोलाऊ. लाटेने आपलं घर नेलं, आठवतं ना? नव्या भिंती उभ्या राहिल्या, पण वर काहीच नाही. पत्रे घालायचेत. दारं राहिलीत.

फोलाऊ: ह्या घराला आहेत पत्रे. आम्ही मावतो इथे. आत्या, आम्ही मावतो ना?

तोआकासे: मावता.

लुपे: किती दिवस वन्संच्या चटईवर झोपायचं?

तोआकासे: चटईने तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

मेलेआने: तू हो म्हणालीस का त्यांना?

लुपे: मान हलवली. सही उद्या आहे.

मेलेआने: म्हणजे अजून झालेली नाही.

लुपे: नाही.

फोलाऊ: मग आत्या सांगतील! आत्या, तुम्ही सांगा आईला, ये म्हणून. तुमचं सगळे ऐकतात. बाबा ऐकतात. पाद्रीबाबा ऐकतात. त्या दिवशी पोलीस आला तो पण खाली बसला.

तोआकासे: त्याचे गुडघे दुखत होते.

लुपे: फोलाऊ, वन्संना असं नाही सांगायचं.

मेलेआने: पण त्याचं चूक नाहीये, आई. आत्या, एकदाच. नुसतं 'ये' म्हणा. बाकी काही बोलू नका.

फोलाऊ: एकच तर अक्षर आहे!

लुपे: वन्सं रागावल्या का? मला दिसत नाहीये नीट.

मेलेआने: नाही. पंखा थांबलाय.

लुपे: वन्सं.

तोआकासे: ऐकतेय.

लुपे: पोरं म्हणतात ते पोरकटपणाचं नाही. तुम्ही म्हणालात तर मी येईन. शनिवारचं तिकीट अजून माझ्याच नावावर आहे. साहेबाला सांगेन, नणंदेचा निरोप आला. त्याला काही कळणार नाही, पण इथल्या आपल्या सगळ्या बायका उठून माझी बॅग भरतील. तिकडे आल्यावर ह्यांनाही विचारता येणार नाही, अशी कशी आलीस म्हणून. कुणालाच नाही.

तोआकासे: माहीत आहे.

लुपे: मलाही मला विचारावं लागणार नाही.

तोआकासे: तेही माहीत आहे.

लुपे: मग?

तोआकासे: म्हणूनच म्हणत नाही.

लुपे: वन्सं...

तोआकासे: आज मी म्हणेन. शनिवारी तू येशील. डुक्कर भाजू, पोरं तुझ्या अंगावरून उतरणार नाहीत. मग जानेवारीत वादळ येईल, आणि तू त्या उघड्या भिंतींकडे बघत माझ्या ओट्यावर बसशील. मला काही बोलणार नाहीस, तुझी ती रीत नाही. मी म्हटलं म्हणून झालं, असं मनात धरून गप्प बसशील. माझं काय, माझ्या नावावर बरंच काही आहे, त्यात हेही. पण तुला जमणार नाही ते.

फोलाऊ: म्हणजे तुमची शक्ती चालत नाही!

तोआकासे: चालते. त्याचंच भय आहे.

लुपे: फोलाऊ? फोलाऊ कुठे गेला?

मेलेआने: इथेच आहे. रडत नाहीये. त्याने फक्त तोंड चटईत घातलंय.

लुपे: गालावर नक्षी उठेल, बाळा.

फोलाऊ: उठू दे.

लुपे: मेलेआने, तू?

मेलेआने: मी ठीक आहे. डिसेंबर धरून मोजायचं की सोडून?

लुपे: सोडून मोज. कमी वाटेल.

मेलेआने: वाटत नाही.

लुपे: ठेवू का मग फोन? उगाच डेटा जातोय तुमचा.

तोआकासे: ठेवायचा नाही. मेलेआने, तो नारळ काढ तिथून. फोन उशीवर ठेव. असा नाही, आडवा. फोलाऊच्या आणि तुझ्या मधे.

मेलेआने: मग आईला नुसतं छप्पर दिसेल, आत्या.

तोआकासे: दिसू दे. कशापायी राहतेय, ते बघेल तरी. लुपे, वासे मोजून घे. तुझ्या घराला दोन जास्त घाल.

लुपे: हो.

तोआकासे: रविवारी दुपारी जेवल्यावर माणसं काय करतात?

मेलेआने: झोपतात.

तोआकासे: मग झोपा. सगळ्यांनी. लुपे, तूसुद्धा.

लुपे: अहो, इथे आत्ता कुठे बारा वाजलेत. कपड्यांचा ढीग पडलाय. मशीनला माझा नंबर आहे एक वाजता.

तोआकासे: आज रविवार.

लुपे: इथे रविवारीच धुतात, वन्सं.

तोआकासे: तिथे धुवत असतील. तू आत्ता माझ्या घरात आहेस. आडवी हो.

लुपे: हो, वन्सं.

तोआकासे: दिवा घालव तिकडचा. डोळे मीट.

लुपे: मिटले.

फोलाऊ: आई.

लुपे: काय रे?

फोलाऊ: जरा तिकडे सरक ना. मेलेआनेला जागा नाहीये.

लुपे: सरकले.